रांगेलकाकांनी राखून ठेवलेली नक्कल

आमच्या ब्रेस्तोवोत जो इंग्रजी शिकायला येतो तो ब्रेस्तोवो सोडून जाणार, हे गावातली कुत्रीसुद्धा जाणतात. वाचनालयाच्या वरच्या खोलीत मंगळवारी आणि गुरुवारी मी वर्ग घेतो. सुरुवातीला अकरा जण असतात, शेवटी चार उरतात. बाकीचे नापास होत नाहीत, विमानात बसतात. म्हणजे मी मास्तर नावाचाच. खरं काम एकेकाला हिरवा झेंडा दाखवायचा आणि मागे राहिलेल्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवायच्या.

त्यामुळे गेल्या सप्टेंबरात एकाहत्तर वर्षांचे रांगेलकाका काखेत वही मारून दारात उभे राहिले, तेव्हा सगळा वर्ग त्यांच्याकडे बघतच राहिला. वर्गातली लोझाना तेव्हा इंग्लंडात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला निघाली होती. ती म्हणाली, "काका, तुम्हीपण? मग मी एवढ्या लांब कशाला जाऊ? इथेच तुमचं करते की!"

"तुला झेपायचो नाही मी," काका म्हणाले आणि खिडकीजवळची खुर्ची ओढून बसले. "मी कुठे जात नाहीये. मला एकच शब्द हवाय. मिळाला की उठतो."

"कुठला शब्द?" मी विचारलं.

"मी जे करतो, त्याचा."

रांगेलकाका काय करतात हे वर्गात कुणाला सांगावं लागलं नाही. पोटापाण्यासाठी ते पोस्टमन होते, चौतीस वर्षं. पण गावात त्यांची ओळख होती ती नकलांसाठी. पाद्री ओनुफ्री, स्टेशनवरचा किरचो, शाळेतल्या राडकाबाई, आटत चाललेल्या विहिरीचा रहाट, सगळे त्यांच्या गळ्यात राहायला होते. माझी आई सांगते, तिच्या लहानपणी पोरं लष्करात गेली की त्यांची पत्रं यायची आणि ज्या म्हाताऱ्यांना वाचता येत नसे त्यांना रांगेलकाका ती वाचून दाखवायचे. साधं वाचणं नव्हे, पोराच्याच आवाजात. तोच अडखळणारा 'र', तेच मधेच नाक ओढणं. म्हातारी डोळे मिटून ऐकायची आणि शेवटी पोस्टमनलाच दटावायची, "सर्दी झालीय तुला, मोजे घाल!" पुढे माणसं स्पेन-इटलीत बांधकामावर गेली, तेव्हाही हाच कार्यक्रम. काकांची शेजारीण मारूनाकाकू एकेक पत्र तीन-तीनदा वाचून घ्यायची. ती दुसऱ्यांदा हसायची, तिसऱ्यांदा रडायची. क्रम कधी चुकला नाही.

मग फोन आले आणि पत्रं थांबली. पोस्ट आता आठवड्यातून दोनदा उघडतं, तेही बहुधा धूळ बाहेर काढायला.

नकलेचं एक आहे. ज्याची करायची तो माणूस ऐकणाऱ्याच्या ओळखीचा लागतो. चार वर्षांपूर्वी गावात शेवटचं लग्न झालं, त्यात काकांनी किरचोची नक्कल केली: गाडीला उशीर झाला की तो खोकून खोकून जणू गाडीचीच चूक असल्यासारखी घोषणा करायचा, ती. राजधानीतून, सोफियाहून आलेल्या नवऱ्याच्या मित्रांनी हसून टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "ही कुठल्या नटाची नक्कल?" त्यानंतर काकांनी चारचौघांत कुणाची नक्कल केली नव्हती.

"आणि आता इंग्रजीत करणार?" मी चेष्टेत विचारलं.

"नातीला सांगायचंय."

त्यांची मुलगी झोर्नित्सा एकवीस वर्षं इंग्लंडात आहे. नात आयव्ही नऊ वर्षांची, इंग्रजीपलीकडे एक शब्द येत नाही. दर रविवारी फोनवर ती दिसते, हात हलवते, आजोबा हात हलवतात, आणि मग दोघं एकमेकांकडे बघत बसतात, दोन स्टेशनांवर थांबलेल्या प्रवाशांसारखे. पण ऑगस्टमधल्या एका रविवारी झोर्नित्सा फोन टेबलावर ठेवून आत गेली होती. तेवढ्यात मागून आयव्हीचा आवाज आला, मैत्रिणीला शाळेतल्या कुठल्याशा बाईंची गंमत करून दाखवत होती. काकांना शब्द एक कळला नाही. बाई कळल्या. जाड, घाईतल्या, चष्मा सारख्या वर सरकवणाऱ्या बाई.

"मास्तर, चष्मा मला ऐकू आला," ते म्हणाले. "झोर्नित्साकडे नाही ते. माझ्या बापाकडे नव्हतं. मला वाटलं होतं, माझ्याबरोबरच संपलं. त्या पोरीला कुणीतरी सांगायला हवं ना, की हे कुठून आलंय? आणि दुसरं कोण सांगणार?"

मग आम्ही वाचनालयाचा जाडजूड कोश काढला.

'कॉपी' मी पहिल्याच दमात सांगितला. काका म्हणाले, "ते परीक्षेत करतात. ती चोरी." 'एप' सांगितला, तर म्हणाले, "ते माकडाचं. गेना मला हेच म्हणायची, पण नातीला कशाला कळवायचं?" गेना म्हणजे त्यांची बायको, सहा वर्षांपूर्वी वारली. 'मिमिक'मध्ये जरा खोडी असते, समोरच्याला चिडवणं असतं, असं मी म्हणालो. त्यावर काका म्हणाले, "होती खोडी. पण आता ती माणसं गेली. मेलेल्याला कुणी चिडवतं का?" 'एम्युलेट' म्हणजे कुणाला तरी गुरू मानून त्याच्यासारखं होण्याची धडपड, हे ऐकल्यावर मात्र हसले. "हा शब्द झोर्नित्साला दे. इंग्रजांसारखं चहात दूध घालते आता."

शेवटी 'इमिटेट'. पाहून, ऐकून, तसंच करणं. चोरी नाही, चेष्टा असलीच पाहिजे असं नाही. लहान मूल आईकडे बघून करतं, तेही यात बसतं.

"हा," काका म्हणाले. वहीत तो आमच्या लिपीत लिहून घेतला आणि नवी कवळी बसवल्यासारखा तोंडात इकडून तिकडे फिरवला. "वापरायचा कसा?"

"सोपं आहे. त्याच्या पाठोपाठ सरळ माणसाचं नाव. मधे काही घालायचं नाही. ठीक?"

"पोस्टासारखं," ते म्हणाले. "शिक्का, मग नाव."

पाच वाक्यं लिहून आणायला सांगितली. गुरुवारी त्यांनी उभं राहून वाचली. मी पाद्री ओनुफ्रींची नक्कल करतो. मी किरचोची नक्कल करतो. मी राडकाबाईंची नक्कल करतो. प्रत्येक वाक्यानंतर थांबून, चुकायला नको म्हणून, जोडवाक्य: पाद्री वारले. किरचो वारला. राडकाबाई वारल्या. पहिल्याला वर्ग हसला, दुसऱ्याला अर्धाच. पाचव्यापर्यंत लोझाना खिडकीबाहेर बघत होती.

"काका, एक वाक्य जिवंत माणसाचं करा," मी म्हणालो.

त्यांनी विचार केला. वही मिटली, खांदे जरा पुढे घेतले, हवेत खडू धरला आणि म्हणाले, "सोपं आहे. ठीक? मधे काही घालायचं नाही. ठीक? समजलं? ठीक?"

वर्ग टेबलावर हात आपटून आपटून हसला. मी दर वाक्याला 'ठीक' म्हणतो हे मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी कळलं. त्या दिवसापासून मी ते म्हणणं सोडायचा प्रयत्न करतोय. ठीक आहे, जमेल.

वही तपासताना पाच वाक्यांखाली सहावं दिसलं. लिहून खोडलेलं. मी गेनाची नक्कल करत नाही.

"हे का खोडलंत? बरोबर आहे की."

"बरोबर आहे ना? तेवढंच बघायचं होतं," म्हणाले आणि वही माझ्या हातातून काढून घेतली.

त्याची हकिकत मला नोव्हेंबरात कळली. त्याआधी ऑक्टोबरात एक भानगड झाली, आणि तिच्यात थोडा वाटा माझाही आहे.

आमच्याकडे वाढदिवसाला बोलावतात, नामदिवसाला नाही. ज्या संताचं नाव तुम्ही लावता त्याच्या दिवशी दार उघडं ठेवायचं, टेबल मांडायचं आणि बसायचं. ज्याला आठवण आहे तो येतो. रांगेल हे नाव देवदूतांच्या सेनापतीवरून आलेलं, त्याचा दिवस आठ नोव्हेंबर. गेनाकाकू होती तेव्हा त्या दिवशी त्यांच्या ओसरीवर बूट ठेवायला जागा नसे.

त्याच सुमारास मी वर्गात बोलावणं कसं करायचं ते शिकवत होतो. तुम्हाला आमच्याकडे यायला आवडेल का, अमुक वाजता, कृपया कळवा. काकांनी पेन खाली ठेवलं.

"हे मी शिकणार नाही."

"का?"

"यायला आवडेल का, हे ज्याला विचारावं लागतं त्याने येऊच नये."

"काका, तिकडे पद्धतच आहे. न सांगता कुणी कुणाच्या घरी जात नाही. बहीण भावाकडेसुद्धा विचारून जाते."

"म्हणून तर त्यांना एवढी मोठी कुलपं लागतात."

पुढच्या मंगळवारी ते खुशीत आले. झोर्नित्साचा फोन आला होता. आयव्हीला शरदातली सुट्टी लागणार होती, जमलं तर येऊ असं ती उन्हाळ्यापासून म्हणत होती. "काल विचारत होती, बाबा, यंदा नामदिवसाला कुणाला बोलावतोयस? मी म्हटलं, नामदिवसाला कुणी बोलावतं का? मग म्हणते, म्हणजे काही खास नाही? मी म्हटलं, नेहमीचंच." काकांनी हात चोळले. "विचारतेय, म्हणजे येतेय! अचानक येऊन उभी राहायचा बेत आहे. लहानपणापासून अशीच आहे ती, गुपित पोटात ठरत नाही."

दोन्हीकडच्या पद्धती मला ठाऊक होत्या. त्यावरच तर माझं दुकान चालतं. एकवीस वर्षांनी त्या बाईने 'नेहमीचंच' याचा अर्थ काय घेतला असेल, ते मला दिसत होतं. पण काकांना 'तिला ये म्हणा' असं सांगायचं म्हणजे 'आपली रीत तिच्या लक्षात नाही' असं सांगायचं. मी फळा पुसला.

नामदिवसाच्या आदल्या शनिवारी पितरांचा दिवस येतो. गाव दफनभूमीत जमतं. म्हणजे आता गावापेक्षा दफनभूमीच भरलेली, आम्ही पाहुण्यांसारखे जातो. साखर घालून शिजवलेले गहू वाटायचे, थडग्यावर थोडी वाइन ओतायची. घेणाऱ्याने म्हणायचं, देव त्यांना क्षमा करो. मी आजीच्या थडग्यावरची पानं काढत होतो, तेव्हा रांगेलकाका हातात वाडगा घेऊन सगळ्या थडग्यांमधून वेड्यासारखे आडवे-तिडवे चालताना दिसले. या टोकाला, मग त्या टोकाला, परत मधल्या ओळीत.

"काका, ओळीने का जात नाही?"

"ओळीनेच जातोय," ते म्हणाले. "घरांच्या."

चौतीस वर्षांचा टपालाचा रस्ता. खालच्या आळीतून सुरुवात, पुलावरून वर, चर्चला वळसा. इथे ती माणसं मरतील तशी पुरलेली, पण काकांना पत्ते बदललेले मान्य नव्हते. एकेका दगडावर चमचाभर गहू ठेवायचे आणि त्या-त्या माणसाच्याच आवाजात पोच द्यायचे, "देव त्यांना क्षमा करो." किरचोने खोकून दिली. राडकाबाईंनी 'क्षमा'चा उच्चार सुधारून दिली. बायका छातीवर क्रूस करत होत्या आणि डोक्यावरच्या रुमालाआड हसत होत्या.

गेनाकाकूच्या थडग्याशी मात्र ते आपल्याच आवाजात बोलले.

"हिची नाही करत?" मी विचारलं. वहीतलं सहावं वाक्य माझ्या डोक्यात होतं.

"जिवंत होती तेव्हा तिची बंदी होती. सगळ्या गावाची कर, म्हणायची, माझी केलीस तर जेवायला मिळणार नाही. मी मेले की मग काय ती कर." वाइनची बाटली त्यांनी बुच लावून खिशात घातली. "सांग बरं, पाद्री ओनुफ्रींचा आवाज कसा होता?"

"तुम्ही करता तसा."

"तेच. मलाही आता तोच येतो, मी करतो तो. त्यांचा स्वतःचा गेला. करून करून मीच पुसला. एखादं पत्र माणूस रोज उघडतो, वाचतो, घडी घालतो. घडीवरची अक्षरं आधी जातात. मी पाहिलंय ना, मारूनाच्या घरी." त्यांनी दगडावरचं एक पान झटकलं. "गेनाचं पाकीट मी फोडलेलं नाही. कधी पहाटे जाग येता येता ऐकू येते. स्वयंपाकघरातून. तीच, मी नव्हे."

"मग बरंच आहे."

"बरं आहे. पण त्या पोरीने मागच्या रविवारी आईकडून विचारवलं, आजोबा आजीची करतात का? तिला आजी आठवत नाही. तीन वर्षांची होती." त्यांनी वाडगा माझ्या हातात दिला. "उद्या येईल आणि पुन्हा विचारेल. काय करू सांग, मास्तर. तिला द्यायचं म्हणजे माझ्याकडचं जाणार."

मी गहू खाल्ले.

रविवारी आठ तारखेला मी एक वाजता गेलो. खरं सांगायचं तर जाऊ की नको असं चाललं होतं. वाटत होतं, मुलगी-नात आलेली असेल, आपण कशाला मधे? मग चौकात साडेबाराची बस उभी दिसली. चालक पायरीवर बसून सफरचंद खात होता. "कोण उतरलं?" मी विचारलं. "मीच," तो म्हणाला.

काकांचं दार उघडं होतं, सताड. टेबलावर आठ ताटं. मधे कोकराचं मटण, कोबीचं लोणचं, चीज भरलेली बानित्सा. तीही त्यांनीच लाटलेली, एका बाजूने करपलेली. आठ ताटांपुढे दोन माणसं: टोकाला रांगेलकाका, नवा सदरा, आणि शेजारी मारूनाकाकू. ती नऊ वर्षांपूर्वी ठार बहिरी झाली. म्हणजे गावातल्या सर्वांत मोठ्या नकलाकाराच्या नामदिवसाला जो एक पाहुणा आला होता त्याला ऐकू येत नव्हतं.

"ये ये!" काकू ओरडली. तिला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही, म्हणून ती सगळ्यांसाठी मोठ्याने बोलते. "बस! बाकीचे येतायत!"

मी बसलो. काकांनी राकिया, आमची घरगुती दारू, ओतली. पाच ताटं आमच्याकडे बघत होती. कुणी गेट वाजवलं की काका दाराकडे बघायचे. वारा वाजवत होता.

पावणेदोनला फोन वाजला. काकांनी तो पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. पडद्यावर झोर्नित्सा आली, मागे तिचं स्वयंपाकघर, पांढरंशुभ्र.

"बाबा, नामदिवसाच्या शुभेच्छा! काय म्हणतोस? कोण कोण आलंय?"

काकांनी पडद्याकडे बघितलं, त्या स्वयंपाकघराकडे. ती तिथे होती. म्हणजे इथे येत नव्हती. एवढं एका क्षणात कळलेलं त्यांच्या तोंडावर मी पाहिलं, आणि दुसऱ्या क्षणी तोंड बदललं.

"घर भरलंय!" ते म्हणाले. "थांब, ऐक."

फोन त्यांनी भिंतीकडे वळवला. मग खोलीच्या त्या कोपऱ्यातून किरचो खोकला. "झोर्ने, गाडी चुकवलीस की गं! मी शिट्टी दिली होती!" खिडकीजवळून राडकाबाई म्हणाल्या, हात धुतल्याशिवाय बानित्साला कुणी हात लावायचा नाही. कुणीतरी हसलं, कुणीतरी मीठ मागितलं. काका खुर्चीमागून खुर्चीमागे जात होते, प्रत्येक रिकाम्या ताटापाशी एकेक माणूस बसवत. मीही काय सुचलं कोण जाणे, चमच्याने ग्लास वाजवायला लागलो, दोन ग्लासांवर, गर्दी वाटावी म्हणून. मारूनाकाकू नुसतं बघत होती आणि मान डोलवत होती. शेवटी पाद्री ओनुफ्रींनी खर्जात आशीर्वाद द्यायला सुरुवात केली.

"बाबा," फोनमधून आवाज आला.

पाद्री थांबले.

"बाबा, ओनुफ्रीबाबांना जाऊन अकरा वर्षं झाली."

मी चमचा खाली ठेवला. काकांनी फोन परत आपल्याकडे वळवला आणि बसले.

"नामदिवस आहे," ते म्हणाले. "न बोलावता आले."

झोर्नित्सा एकदम बोलायला लागली. "आणि मला? मला एकदा म्हणाला असतास, ये गं! तिकीट बघून ठेवलं होतं मी. तीनदा विचारलं तुला. मला वाटलं तू काही करतच नाहीयेस, तुला नकोय कुणी."

"नामदिवसाला कोण ये म्हणतं, झोर्ने?"

"अरे पण..." ती म्हणाली आणि थांबली. आठवलं असावं. ओसरीवरचे बूट आठवले असावेत. तिने तोंड बाजूला केलं आणि त्या जागेत आयव्ही घुसली, पुढचे दात मोठे, केस ओले. तिने काहीतरी विचारलं. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"आजोबा काय करत होते, विचारतेय," मी म्हणालो.

रांगेलकाका ताठ बसले. सदऱ्याची कॉलर नीट केली. "आय इमिटेट," ते म्हणाले. मग शिक्क्यानंतर नाव हवं हे आठवून एकेक सांगितलं: "आय इमिटेट किरचो. आय इमिटेट राडका." आणि बोट तिच्याकडे करून, "यू. यू इमिटेट." स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तिच्याकडे बोट. पुन्हा छातीवर.

पोरगी बघत राहिली. मग तिने नाकावरचा नसलेला चष्मा वर सरकवला.

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दोघांना तिसऱ्याची गरज नव्हती. माझं इंग्रजी त्या दिवशी अगदी बेकार बसलं होतं. पण मग तिने जे विचारलं त्यातला एकच शब्द, 'ग्रॅनी', काकांना भाषांतराशिवाय कळला.

मी म्हणालो, "काका, सांगू का रेंज नाही म्हणून?"

"नको."

ते उठले. चुलीजवळच्या खिळ्यावरचं फडकं काढून डाव्या खांद्यावर टाकलं. पाठमोरेच थोडा वेळ उभे राहिले. वळले तेव्हा डावी भुवई वर गेली होती आणि हनुवटी आत.

"रांगेल! दार लाव! बाहेरच्या जगाला ऊब द्यायला मी जाळू का सरपण?"

पातळ, भांडखोर आवाज, आणि शेवटचा शब्द वर, वर चढत गेलेला. मी गेनाकाकूला जेमतेम ओळखायचो. माझ्या अंगावर काटा नंतर आला, आधी आला तो मारूनाकाकूचा आवाज. तिला ऐकू काहीच गेलं नव्हतं. ती फक्त बघत होती, आणि घास हातात तसाच धरून ओरडली,

"माझ्याकडे काय बघतेस गेना! मी आले तेव्हा लावलं होतं! यानेच टाकलंय उघडं, या तुझ्या रांगेलने!" आणि तिने रांगेलकाकांकडेच बोट दाखवून रांगेलकाकांची तक्रार केली.

फोनमध्ये आयव्ही खदखदून हसली. मग आईकडे बघून तिचं हसू थांबलं. झोर्नित्साने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि हातांआडून एकच शब्द येत होता, आईला मारायची हाक, जी सगळ्या भाषांत जवळजवळ सारखीच असते.

मारूनाकाकूने घास तोंडात टाकला. मग हळूहळू तिला कळलं. ती घास चावायची थांबली.

दार लावायला मी उठलो. काका म्हणाले, "राहू दे. नामदिवस आहे."

त्यानंतरच्या गुरुवारी ते वर्गाला आले. शब्द मिळाला की उठतो म्हणाले होते, पण आले, घरी नेलेला कोश परत केला आणि खिडकीजवळ बसून राहिले. वर्ग संपल्यावर मी विचारलं, "पहाटे ऐकू येतं अजून?"

"येतं कुणीतरी," ते म्हणाले.

"कोण?"

"मीच."

मी खुर्च्या लावत राहिलो. दोन आठवडे आम्ही त्यावर बोललो नाही. लोझाना गेली, तिची खुर्ची मी भिंतीला लावली. डिसेंबरात पहिला बर्फ पडला त्या दिवशी काका फोन पुढे करून आत आले. आयव्हीने स्वतःचं चित्रण पाठवलं होतं. डाव्या खांद्यावर टॉवेल, भुवई वर, हनुवटी आत. आमच्या भाषेतला एक शब्द न कळता तिने अख्खं वाक्य घडाघडा म्हटलं होतं, नावापासून सरपणापर्यंत.

"कशी वाटली?" काकांनी विचारलं.

"छानच की!"

"खोटं बोलू नकोस. शेवटी चुकली. 'सरपण'वर बघ, वर जाते." त्यांनी पुन्हा लावलं. "हे इथे. गेना तिथे खाली यायची. रागावून सुरुवात करायची आणि शेवटी खाली, जवळजवळ पुटपुटल्यासारखी, कारण तोवर राग गेलेला असायचा. ही वर नेते. सांगायला हवं तिला. खाली कसं म्हणतात?"

मी त्यांच्याकडे बघितलं. सांगावं की न सांगावं असं क्षणभर झालं. ऑक्टोबरात एकदा गप्प बसलो होतो.

"काका, तुम्हीही त्या दिवशी वरच नेला होता. ती तुमचीच करतेय."

"मी?"

"हो. मी होतो ना तिथे. शेवटचा शब्द वर गेला."

त्यांनी फोन पुन्हा लावला. कानाजवळ धरला, डोळे मिटले. पोरीचा आवाज पुन्हा वर गेला आणि थांबला. 

"मी वर नेला. मग ती खाली यायची," ते सावकाश म्हणाले, "हे मला आत्ता कुणी सांगितलं?"

माझं उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत. वही टेबलावरच राहिली, टोपीही. जिन्यावर त्यांची पावलं घाईने उतरत गेली, घरी कुणी वाट बघत असल्यासारखी. दार ते उघडंच टाकून गेले होते. खालून बर्फाचा गारवा वर येत होता, वर्गातल्या चौघांनी कोट ओढून घेतले, पण ते लावायला कुणी उठलं नाही.